पाठचे मूल

राधानगरीला राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्येचे, राधाबाई अक्कासाहेबांचे, नाव मिळाले. त्यांच्या पाठचे बंधू राजाराम महाराज १८९७ सालचे. राजवाडा असो वा झोपडी, थोरल्याचा थाट निराळा, आणि धाकट्यासाठी जुनी टोपडी-दुपटी व अनुभवाची शिदोरी आहे, अशी घरच्यांची खातरजमा असते. परंतु जी माता पहिल्या प्रसूतीच्या दीर्घ कळांचा हिशेब मनात धरून निश्चिंत राहते, तिला दुसरी प्रसूती बहुधा लवकर आटोपते हे ऐनवेळी कळते. म्हणून आषाढाच्या मुसळधार पावसात राधानगरीजवळच्या दाजीपूरकडील वाडीवस्तीवरून रुग्णालयाकडे निघण्यास विलंब करणे हितावह नव्हे. पुढे बाळ अंगावर पिऊ लागले की गर्भाशय आकुंचन पावून पोटात कळा येतात, आणि त्या पहिल्या खेपेहून तीव्र असतात, हे तिला सहसा कोणी सांगितलेले नसते. दूध मात्र या वेळी बहुधा लवकर उतरते.

मातेचे रक्त आरएच निगेटिव्ह व पहिल्या बाळाचे पॉझिटिव्ह असेल, तर त्या प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घेतले होते किंवा कसे, याची चौकशी दुसऱ्या गरोदरपणाच्या प्रारंभीच करावी. पहिल्याला सहसा न बाधणारा हा आरएच विसंगतीचा दोष दुसऱ्यास घातक ठरू शकतो.

थोरल्याची तऱ्हा तर विलक्षण! अंगणवाडीतून सर्दी तोच आणतो, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा धरतो, बाळाची आंघोळ चालली असता नेमका भुकेचा अर्ज गुजरतो. त्याला रागे भरण्यापेक्षा दुपटे आणण्याची कामगिरी सोपवावी. आजीबाईंचा हा तोडगा मला तरी अधिक शहाणपणाचा वाटतो.