सुट्टीनंतर मैदानावर परतताना

विदर्भातील कडक उन्हामुळे आपल्या गोंदिया जिल्ह्यातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. लागलीच शालेय क्रीडा स्पर्धांचे वेध लागतात आणि कबड्डी, खो-खो व फुटबॉलचे संघ मैदानावर उतरतात. दोन महिने विसावलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी मैदानाच्या वीस फेऱ्या मारावयास लावणारे प्रशिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पद्धत मात्र धोक्याची आहे.

सराव थांबला की दमसास आधी घटतो, ताकद त्याहून अधिक काळ टिकते. त्यामुळे मुलाला आपण पूर्वीसारखेच आहोत असे वाटते. परतल्यावर स्नायू लवकर सज्ज होतात, पण स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा सावकाश बळकट होते. 2011 साली अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघमालक व खेळाडू यांच्या वादामुळे संघांचा सराव चार महिन्यांहून अधिक काळ बंद होता. शिबिरे सुरू होताच पहिल्या 12 दिवसांत 10 खेळाडूंची टाचेवरील कंडरा तुटली. ते तर खेळावरच उपजीविका करणारे धट्टेकट्टे पुरुष होते!

तेथील प्रशिक्षकांच्या संघटनांनी 2019 साली सुचविलेले प्रमाण आपल्याकडेही वापरता येईल. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मा सराव, दुसऱ्यात 70 टक्के, तिसऱ्यात 80 आणि चौथ्यात 90 टक्के. म्हणजे एरवी वीस वेळा वेगाने धावणारा संघ प्रथम दहा वेळाच धावेल. कबड्डीतील पकडी व पूर्ण सामने शेवटी ठेवावेत. जुलैच्या दमट हवेशी जुळवून घेण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून सराव सकाळी लवकर घ्यावा व पाणी मागण्याची वाट पाहू नये. जे मूल सकाळी घरच्या रोवणीत वाकून आले आहे, त्याचा त्या दिवसाचा व्यायाम बव्हंशी झालेला आहे, हेही प्रशिक्षकांनी हिशेबात धरावे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात या आजाराचे वाहक पुष्कळ आहेत. वाहक मूल एरवी निरोगी असते व त्याने अवश्य खेळावे. तथापि दीर्घ खंडानंतर, उष्म्यात, विश्रांतीविना वेगाने धावविल्यास त्याच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. 2006 साली अमेरिकेतील राईस विद्यापीठाचा 19 वर्षांचा वाहक खेळाडू अशाच सरावानंतर दगावला. पुढे 2010 पासून तेथील मोठ्या महाविद्यालयीन संघांत ही तपासणी सुरू झाली. आपल्या देशात 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला असून त्यात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. पालकांनी मुलाचे कार्ड क्रीडाशिक्षकांना विश्वासाने दाखवावे. शिक्षकांनी ते गुप्त राखावे आणि त्या कारणाने कोणालाही संघाबाहेर बसवू नये.

धावताना मूल पाय गळून खाली बसले, शुद्धीवर आहे, बोलते आहे, पण उभे राहवत नाही, तर त्याला आळशी म्हणू नये. सराव तत्काळ थांबवून त्याला रुग्णालयात न्यावे व वाहक असल्यास डॉक्टरांना आधी तेच सांगावे. मूल असंबद्ध बोलत असेल व अंग तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी वाहन येईपर्यंत अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे.