पाटीवरचे अडीच टन

गोरेगावच्या नेस्कोत मालहाताळणीच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं. गळ्यात बॅज पडला आणि पहिल्या रांगेतच पिशवी ब्रोशरांनी जड झाली.

गर्दी अर्थातच रोबोंपाशी. चपटा रोबो रॅकखाली शिरतो, रॅक जरासा उचलतो आणि जमिनीवर चिकटवलेले क्यूआर कोड वाचत निघतो. 2012 साली अॅमेझॉनने कीवा ही कंपनी विकत घेतली, त्यानंतर या जातीचं पीकच आलं. बघायला झकास! पण स्टॉलची जमीन आरशासारखी. भिवंडीच्या जुन्या गाळ्यातल्या उखडलेल्या कोब्यावर हा चालेल का, असं विचारलं की उत्तर एकच: ‘साइट व्हिजिट करू, सर.’

मी रमलो फोर्कलिफ्टपाशी. ब्रोशरवर ठळक ‘अडीच टन’. यंत्रावरच्या छोट्या पाटीवर मात्र अट लिहिलेली असते: 2500 किलो, लोड सेंटर 500 मिमी. म्हणजे फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाचा गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर असेल, तरच अडीच टन. 1200 बाय 1000 चं पॅलेट आडव्या बाजूने उचललं, तर मध्य बरोबर 500 वर; उभ्या बाजूने उचललं की 600 वर. पुढची चाकं हा टेकू, मागे काउंटरवेट. माल जरा पुढे सरकला की क्षमता घटते. मास्ट उंच गेला, साइड शिफ्टर लावला, की आणखी घट. पाटी वाचणारा मला एकच माणूस दिसला, कुठल्याशा कारखान्याचा ऑपरेटर. ‘सहा मीटरवर किती उचलेल, ते सांगा ना,’ तो विचारत होता. त्याचे साहेब शेजारच्या स्टॉलवर कॉफी पीत होते.

पॅलेटवाल्याकडे शुकशुकाट. त्याने निर्यातीच्या लाकडी पॅलेटवरचा कणसाचा शिक्का दाखवला. त्यातलं ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलंय, कीड परदेशी जाऊ नये म्हणून. बाकी मालाचं काय? आपल्याकडे अजून कितीतरी ट्रक सुट्या पोत्यांनी भरून येतात, आणि पोती माथाडीच्या पाठीवरूनच उतरतात. त्यांच्यासाठी 1969 मध्ये कायदा झाला; त्यांच्या पाठीवरचं ओझं हलकं करणारं यंत्र मात्र मला शोधूनच काढावं लागलं. कोपऱ्यात एक टेलिस्कोपिक कन्व्हेयर उभा होता, ट्रकच्या आत लांबत जाणारा. त्याच्यापाशी कुणी फोटो काढत नव्हतं.

अशा प्रदर्शनाला जाणार असाल, तर गाळ्यातल्या ऑपरेटरला आणि माथाडींच्या मुकादमाला बरोबर न्या. कोटेशन त्यांनी प्रश्न विचारून झाल्यावरच मागा.