कागद कोणी जपले, हे आधी विचारा
अब्राहम लिंकनवर संशोधन करायचंय? मग आधी त्याच्या घरात डोकवा. चार मुलांपैकी एडी, विली आणि टॅड विशी गाठण्याआधीच गेले. उरला थोरला रॉबर्ट. वडिलांचे कागद त्याच्याच ताब्यात. निकोले आणि हे यांना त्याने ते वापरू दिले, पण त्यांनी लिहिलेल्या दहा खंडांच्या चरित्राचा मजकूर छापण्याआधी स्वतः तपासला. पुढे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, तेही अट घालून: माझ्या मृत्यूनंतर २१ वर्षं कोणाला दाखवायचे नाहीत. तो १९२६ मध्ये वारला. कागद खुले झाले १९४७ मध्ये, लिंकनच्या हत्येनंतर ८२ वर्षांनी. त्यामुळे त्याआधीचं चरित्र वाचताना लेखकाला काय पाहताच आलं नव्हतं, तेही ध्यानात घ्या. तुमच्या विषयातले कागद कोणाच्या कपाटातून आलेत?