बुडती बँक कुणाच्या पैशानं तारायची?

बुडीत कर्जांनी खचलेल्या सरकारी बँकांना सावरायला केंद्र सरकारनं २०१७ साली २ लाख ११ हजार कोटींची योजना आणली. त्यातला मोठा वाटा सरकारी रोख्यांचा. त्यांचं व्याज करातून जातं. तेल-साबण घेताना तो कर आपणही भरतो.

मग बँक बुडू द्यावी? नाही, आपल्या गटाची बचतही तिथेच असते. आम्हाला वाटतं, ठेवीदाराला जरूर वाचवावं, पण मोठ्या कर्जबुडव्यांकडून वसुली सोडू नये.

एका बँकेतल्या आपल्या सगळ्या ठेवींना मिळून, व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो; हप्ता बँकच भरते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. म्हणून पैसे ठेवण्याचा ठराव करण्याआधी गटानं विचारावं, ‘इथल्या ठेवीला विमा आहे का?’