आठवड्याचे पाहुणे

डिसेंबर उजाडला, की अमेरिकेतील चित्ररसिकांत एक जुना तंटा नव्याने पेटतो: जो चित्रपट लॉस एंजेलिस वा न्यूयॉर्कच्या एखाद-दुसऱ्या चित्रगृहात जेमतेम आठवडाभर झळकला आणि ओहायोतल्या प्रेक्षकाला ज्याचे भित्तिपत्रकही दिसले नाही, तो त्या वर्षाच्या ऑस्करसाठी गणावा काय? ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या दफ्तरी दीर्घकाळ प्रमुख अट एवढीच, की वर्षअखेरीच्या आत सलग 7 दिवसांचे व्यावसायिक प्रदर्शन सुरू झालेले असावे.

1978 च्या डिसेंबरात ‘द डिअर हंटर’ या व्हिएतनाम युद्धावरील तीन तासांच्या चित्रपटाने हीच वाट धरली. त्या दोन शहरांत आठवडाभर दर्शन देऊन तो अंतर्धान पावला आणि फेब्रुवारीत नामांकनांचे वलय घेऊन देशभर परतला, तेव्हा पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटासह 5 ऑस्कर त्याच्या पदरी पडले. यास लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण गंभीर चित्रपटाला नामांकनाइतकी प्रभावी दवंडी दुसरी नाही. न पाहिलेल्या चित्रपटावर हिरिरीने पैजा लावणाऱ्यांचे मात्र नवल वाटते! 2024 च्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या उमेदवारास, काही सवलती सोडल्यास, अमेरिकेतील 50 प्रमुख बाजारपेठांपैकी 10 ठिकाणी प्रदर्शन सक्तीचे झाले आहे. दूरस्थ प्रेक्षकांची निम्मी फिर्याद तरी दाखल झाली, असे समजावयास हरकत नाही.