समतेचा पहिला धडा अंगणवाडीतच!

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काय शिकवावे, असे विचारले की बडबडगीते, रंग आणि अंक एवढीच यादी पुढे येते. समता व बंधुता मात्र वरच्या वर्गातील नागरिकशास्त्रासाठी राखून ठेवल्या जातात. आमचे म्हणणे असे की, तोवर उशीर झालेला असतो. कोणाशेजारी बसायचे, कोणाच्या हातचे खायचे, हे मूल घरात व गल्लीत आधीच शिकून बसलेले असते.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावायची बंदी होती. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे पाहणारी सवर्ण मुलेही रोज धडा गिरवीत होती, विषमतेचा. तो कोणत्याही पुस्तकात नव्हता. गोणपाटाने आणि नळानेच तो शिकवला.

मग समताही तशीच शिकवली पाहिजे. संविधानाची उद्देशिका चिमुकल्यांकडून घोकून घेण्यात अर्थ नाही. त्यांना एक माठ, एक सतरंजी, एक पंगत कळते. खिचडी वाढण्याचा मान आज एकाला, उद्या दुसरीला. झोपाळ्यावर पाळी येईपर्यंत थांबणे हा न्याय. पडलेल्याला हात देणे ही बंधुता. बंधुतेवाचून स्वातंत्र्य व समता वरवरच्याच ठरतील, हा बाबासाहेबांचा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा इथेच लागू पडतो.

पण त्यासाठी मुले एकत्र आली पाहिजेत ना? अंगणवाड्या १९७५ पासून चालू आहेत. त्या अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत प्राधान्याने उघडाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली बजावले. ते योग्यच झाले. परंतु वस्तीतल्या अंगणवाडीत गावातले पालक मुले पाठवणार नसतील आणि ऐपतदारांची मुले गाडीत बसून इंग्रजी नर्सरीला जाणार असतील, तर तिसऱ्या वर्षीच गाव दुभंगते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, तोही सहा वर्षांपासून पुढे. त्याआधीची वर्षे मार्गदर्शक तत्त्वांत ठेवली. हा हक्क तिसऱ्या वर्षापासून मिळालाच पाहिजे.

तोवर आपण स्वस्थ बसायचे काय? माता-भगिनींनो, एकदा आपल्या अंगणवाडीत जा. माठ किती आहेत, पंगत कशी बसते, वाढते कोण, ते डोळ्यांनी पाहा. खटकले तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. संविधान तिथूनच सुरू होते.