मॅनेजरची खुर्ची आणि कपातीची यादी

मागच्या व्याख्यानानंतर सावेडीतल्या एका गृहस्थांनी आमच्या हातात चिठ्ठी ठेवली. तीत एकच ओळ होती: कपात होते तेव्हा मॅनेजर लोक वाचतात, हे खरं का? त्यांचा मुलगा हिंजवडीतल्या एका कंपनीत मॅनेजर आहे आणि त्याला राजीनामा लिहून द्यायला सांगितलंय, हे त्यांनी नंतर जिन्यात सांगितलं. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवू.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. तत्त्वज्ञानाच्या माणसाला तेवढी मुभा द्या. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’चा अर्थ आजच्यासारखा नव्हता. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बिघडलं, म्हणून हजेरीपटावरच्या माणसाला मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. नोकरी शाबूत राहते, आणि नियमात बसणाऱ्याला मूळ पगार नि महागाई भत्ता निम्मा मिळतो. कायमचं काढणं म्हणजे रिट्रेंचमेंट, आपल्या भाषेत कपात. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. गळीत संपलं की हंगामी कामगार घरी जातो, पुढच्या हंगामाला त्याला बोलावणं येतं. हिंजवडीहून तसं बोलावणं येत नाही.

आता कपात करताना कायदा काय मागतो? महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई. शिवाय सर्वसाधारण नियम असा, की शेवटी आलेला आधी जाईल. मोठ्या कारखान्याला सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा १०० कामगारांची होती, नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती ३०० झाली आहे. पण हे सगळं कुणासाठी? कामगारासाठी. आणि कामगाराच्या व्याख्येतून मुख्यत्वे व्यवस्थापनाचं काम करणारा माणूस वगळलेला आहे, जुन्या कायद्यातही आणि नव्यातही. ग्रॅच्युइटी त्याला मिळते, ती वेगळ्या कायद्याने. बाकी त्याच्या हातात नेमणूकपत्र. त्यात दोन महिन्यांची नोटीस लिहिली असेल तर दोन महिने. खाजगी कंपनीतल्या मॅनेजरला न्यायालय सहसा खुर्ची परत देत नाही, फार तर नुकसानभरपाई.

म्हणजे बघा, कायद्याने तरी मॅनेजर वाचत नाही. मग तो वाचतो असं आपल्याला का वाटतं? कारण कारखान्यात तसं बऱ्याचदा दिसायचं. नागापूरच्या एमआयडीसीत एखाद्या लाइनवरची माणसं चाळीसची तीस झाली, तरी त्या तिसांवर एक सुपरवायझर लागतोच. पाळीच बंद झाली तर मात्र तोही जातो. सॉफ्टवेअर कंपनीचा हिशेब निराळा. तिथे ग्राहक बहुधा माणसांच्या तासांचे पैसे देतो. ज्याचे तास ग्राहकाच्या बिलात लागत नाहीत तो कंपनीला निव्वळ खर्च, आणि असा माणूस पुष्कळदा वरच्या पगाराचा असतो. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा मुख्यत्वे मधल्या आणि वरच्या श्रेणीतली, असं कंपनीनेच सांगितलं. अमेरिकेत मेटाने २०२३मध्ये मॅनेजरांच्या पायऱ्या कमी करायला घेतल्या. ॲमेझॉनने २०२४मध्ये मॅनेजरांचं प्रमाण घटवण्याचं उद्दिष्टच ठरवून दिलं.

अगदी वरची मंडळी मात्र वाचतात, हे मान्य करायला हवं. मधल्या मॅनेजरची गंमत अशी, की तो यादी वाचून दाखवतो म्हणून लोकांना वाटतं ती त्यानेच केली. कधी कधी त्यालाही तसंच वाटतं. हॅना आरेंट यांनी नोकरशाहीला ‘कुणाचंच नसलेलं राज्य’ म्हटलं होतं. तिथे जाब विचारायला समोर माणूसच सापडत नाही. आमच्या मते कंपनीत माणूस सापडतो, पण चुकीचा सापडतो. शिव्या खायच्या मधल्याने, आणि पुढच्या तिमाहीत यादीत नावही त्याचंच.

त्या गृहस्थांच्या मुलाला आम्ही घरी बोलावलं. तो म्हणाला, “सर, युनियनवाल्यांकडे मी कुठल्या तोंडाने जाऊ? मी तर मॅनेजर.” त्याला आम्ही न्यायालयाचं म्हणणं सांगितलं. पाटीवरचा हुद्दा निर्णायक नसतो, माणसाचं मुख्य काम काय ते बघायचं. मुंबईच्या सीबा गायगी कंपनीतल्या एका ‘असिस्टंट’ला सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये कामगार ठरवलं. उलट करोना या चपला-बुटांच्या कंपनीतल्या दुकान-मॅनेजरला १९९४मध्ये कामगार मानलं नाही. त्याचं काम खरोखरच व्यवस्थापनाचं होतं. निकष दोन्हीकडे तोच. तेव्हा राजीनाम्यावर सही करण्याआधी एक वही घे, म्हटलं, आणि लिही: नेमणूक तू करतोस का? पगारवाढ ठरवतोस का? कुणाला काढू शकतोस? दिवसातले किती तास स्वतः कोड लिहितोस?

रविवारी तो वही घेऊन आला. तासांच्या रकान्यात बहुतेक दिवशी सहा, सात असे आकडे होते. अधिकारांच्या पानावर एकच नोंद: रजा मंजूर करणं. तिच्यापुढे कंसात त्याने लिहिलं होतं, तीन दिवसांपर्यंत. सही त्याने अजून केलेली नाही. वही घेऊन तो उद्या पुण्याला कामगार कायद्याच्या वकिलाकडे जातोय.

आता प्रश्न घेऊ. मागचे काका, तुम्ही हात वर केला होता.